तुर्भ्याच्या संडासाचे तीन साक्षीदार

तुर्भ्याच्या वस्तीतला बायकांचा सार्वजनिक संडास पाडून तिथं गोदाम काढायचं वॉर्ड ऑफिसात घाटत होतं. कारण काय, तर वापर नाही! वस्तीत काम करणाऱ्या आमच्या संघटनेत पत्रकं मी लिहायचे. डोकं सणकलं आणि तासाभरात मजकूर तयार झाला. संघटना चालवणाऱ्या आमच्या ताईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "वॉर्ड ऑफिसच्या सुनावणीत घोषणा ऐकत नाहीत गं. चार ठिकाणांहून माहिती आण, ताडून बघ, मग बोल."

आणली. वॉर्ड ऑफिसचा पाहणी अहवाल मिळवला. संडासाच्या देखरेखीला ठेकेदाराचा माणूस असतो, त्याच्याशी बोलले. वस्तीत बायकांची बैठक लावली. तिन्हीकडे तेच ऐकलं: बायका येत नाहीत, घरोघरी सोय झालीय. चौथं म्हणजे नळावर हंडे भरताना बायका एकेकट्या बोलल्या ते.

"जाते की गं, पन उजेड हाय तवर. कडी मोडलीय. एका हातानं दार धरून बसायचं."

"अंधार पडला की समोर पत्ते कुटत बसतात मेले. मग कळ आली तरी दाबायची."

आमच्या संघटनेत सगळं हात वर करून ठरतं. मोर्चा कुठून काढायचा, फलकावर काय लिहायचं, सगळं बहुमतानं. तीच सवय इथं आडवी आली. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "तीन विरुद्ध एक. नळावरचं सोड, नाहीतर सुनावणीत आपलीच शोभा होईल." पटापट हात वर झाले. माझा खालीच. वस्तीतल्या बायकांचा संडास जाणार आणि आम्ही मतं मोजतोय!

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिस गाठलं. क्लार्कला विचारलं, पाहणीला कोण गेलं होतं?

"जायचंय कशाला मॅडम? ठेकेदाराचा माणूस असतो ना तिथं. तो सांगतो, आम्ही टाइप करतो."

आणि आमच्या बैठकीला बायका कुणी जमवल्या होत्या? ठेकेदाराच्या त्याच माणसानं. खोली त्याची, चहा त्याचा, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेलाही तोच. त्याच्यासमोर कोण कडीचा विषय काढणार? म्हणजे साक्षीदार तीन दिसत होते, बोलत होता एकच माणूस. मतं मोजून काय डोंबल कळणार होतं?

मी म्हटलं, याचं सगळं उडवूनच लावते. ताईंनी अडवलं. "तो तिथं असतो कधी, ते बघितलंस?" बघितलं. दिवसा तो एपीएमसीच्या घाऊक बाजारात गोणी उचलतो, संडासावर संध्याकाळी येतो. आणि संध्याकाळनंतर बायका खरंच येत नाहीत. माणूस खोटं बोलत नव्हता; घरोघरी सोय झालीय, हा त्यावरून त्यानं बांधलेला अंदाज. त्यानं पाहिलं ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं नळावर सांगितलं जात होतं.

सुनावणीला नळावरच्या दोघीजणी माझ्याबरोबर आल्या. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "एकदा वापर आहे म्हणता, एकदा नाही. नक्की काय?"

"दोन्ही खरं आहे. दिवसा आहे. अंधारात नाही, कारण दाराला कडी नाही, बाहेर दिवा नाही. वापर बंद पडलाय तो तुमच्यामुळे, आणि त्याच कारणावरून तुम्ही संडास पाडताय?"

साहेब कागद चाळत राहिले. तेवढ्यात दोघींतली थोरली बोलली, "सायेब, तुमच्या हापिसातल्या संडासाची कडी काडून ठेवा. मंग बगू कोन कोन जातंय."

क्लार्क फिस्सकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पाडायचा प्रस्ताव मागे घेतला. कड्या बसल्या, त्याही नीट, आतून घट्ट लागणाऱ्या. दिव्यासाठी म्हणे वेगळी मंजुरी लागते, ती वरून यायचीय. तोवर संध्याकाळी पत्ते कुटणारे तिथंच बसतात, आणि बायका अंधार पडायच्या आत जाऊन येतात.