उठलेल्या गावची मोठीमाय

मोठीमाय कुठंही पोहोचायच्या आधी तिचा आवाज पोहोचायचा. दाराशी, कोपऱ्यावर, गोठ्याच्या मागे, जिथं म्हणून पुढचं दिसत नाही तिथं ती थांबायची आणि खणखणीत ओरडायची, "येऊन राह्यली व्हय!" मी नवीन नवरी होते. मला वाटायचं, कोणाला हाक मारते ही? विचारायची हिंमत नव्हती. मग एकदा तिनंच सांगितलं, "अस्वलाले आधी सांगा लागते व माय. मानूस एकदम समोर दिसला का ते घाबरते, अन् ते घाबरलं का आपलं काही खरं नाही." आमचं घर डांबरी रस्त्याला लागून. तिथं अस्वल कुठलं? वळणावर फार तर दूधवाल्याची मोटारसायकल आडवी यायची. पण मोठीमायचं सुटत नव्हतं.

ती माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या भावाची बायको. तो भाऊ लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आमच्याच घरात होती. सासरचं जुनं गाव बुलढाण्याजवळ, बोथ्याच्या जंगलात आत होतं. पुढे तिथं अभयारण्य झालं. रानडुकरं उभं पीक लोळवायची, पावसाळ्यात आजारी माणूस खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावा लागायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि गाव उठलं, रस्त्याकडेला नवीन वसलं. माझं माहेर बीबी गावाकडचं. माझं लग्न त्यानंतरचं, म्हणून ते गाव मी पाहिलं नव्हतं. मोठीमायच्या तोंडूनच ऐकलं.

नव्या गावाला ती नावं ठेवत नसे. "नळ बरा हाय, लाईट बरी हाय, सुई टोचनारी नर्सबाई घरी येते, अजून काय पाह्यजे?" असं ती सगळ्यांना सांगायची. मागणं तिचं एकच होतं आणि ते ती कधीही काढायची. तूर निवडताना, भाकरी थापताना, एकदा तर ऐन दिवाळीत फराळाच्या ताटावर. "भाऊजी, मी मेली का माही राख माह्या अंगणात टाकजा. जुन्या." सासरे मान न वर करता म्हणायचे, "हाव वहिनी, टाकू." त्यांनी शब्द दिला होता. आता तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. माझे मालक रात्री मला म्हणायचे, "बाबा हाव म्हणून मोकळे होतात. निस्तरावं मलेच लागन." मोठीमायला हे कळत असावं. म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारून घ्यायची.

मी बोलायला फार लाजते. सासऱ्यांसमोर तर इतक्या वर्षांत "वाढू का?" यापुढे माझा शब्द गेला नव्हता. मोठीमाय मला चिडवायची, "काय व, शब्द काय माहेरी पाठवतं का बांधून?" पण कोणी पाहुणी बाई मला काही विचारू लागली की माझ्या आधी तीच उत्तर द्यायची. "तिले गोड चहा लागते. पोरगा तिचा तिसरीत हाय. माहेरचे बरे हायेत." मी नुसती मान हलवायची. किती बरं वाटायचं तेव्हा.

एका हिवाळ्यात माझा भाऊ आणि भावजय पुण्याहून आले. वहिनीला अभयारण्यात फिरायचं होतं. जीपमध्ये जागा होती, म्हणून दादा मोठीमायला म्हणाला, "चला की तुम्ही पण." गाव उठल्यापासून ती आत गेली नव्हती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. पहाटेच पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर बसून राहिली.

फाटकावर गाईड गाडीत बसला आणि म्हणाला, "आत बोलाचं नाही अन् गाडीखाली उतराचं नाही."

मोठीमाय म्हणाली, "बोलाचं नाही तं अस्वलाले समजन कसं?"

"समजू द्यायचंच नाही, आजी," वहिनी हसून म्हणाली. "आम्ही अस्वल बघायलाच आलोय."

मोठीमाय तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुह्या भावजयीची तब्येत बरी हाय ना व?"

तासभर काही दिसलं नाही. मग नाल्याच्या वळणावर गाईडनं हात वर करून गाडी थांबवली. झुडपाच्या मागे काहीतरी काळं हलत होतं. वहिनीनं श्वास रोखून मोबाइल वर धरला. आणि माझ्या शेजारून आवाज उठला, "येऊन राह्यली व्हय!" झुडूप खसकन हललं, काळी पाठ नाल्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो आजी, काय केलंत हे!"

मोठीमायनं तोंडावर पदर घेतला. "वळण आलं ना माय. निघून गेलं तोंडातून."

दादा हसू दाबत बाहेर बघू लागला. गाईडनं कपाळाला हात लावला, मग तोही हसला. "कोनत्या गावची व तू आजी?" तिनं जुन्या गावाचं नाव सांगितलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "तिकडून घे. पाहू दे तिले."

तिथं गाव नव्हतं. कमरेएवढं पिवळं गवत होतं, मध्ये एक चिंच. मोठीमाय म्हणाली, "हे नव्हे."

"हेच हाय, आजी."

"विहीर कुठी हाय मंग?"

"बुजवली. जनावरं पडत होती."

 ती चिंचेवर बोट धरून ते हळूहळू सरकवू लागली. "चिंच हे. तिच्या बाजूनं मारुती. मारुतीच्या समोर गिरणी. मंग गल्ली. मंग माहं..." बोट थांबलं. तिथं गवत दबलेलं होतं आणि एक चितळाची मादी पाय मुडपून बसली होती. तिच्या पोटाला टेकून पाडस. दोघंही रवंथ करत होती.

ही आता रडेल किंवा खाली उडी मारेल, असं वाटून मी तिचा पदर धरला. वहिनीनं पुन्हा मोबाइल उचलला, तर मोठीमायनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "हळू व बाई. उठन ते." तिचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मले वाटे, ओसाड पडलं असन."

परत येताना ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाली, "माही राख इकडं नको आनू देऊ व. चार मानसं येतीन, गलका करतीन. त्याईचं बसनं मोडन. नदीत सोडजा मले."

"तुम्ही मामंजींना सांगा," मी म्हणाले.

"सांगन ना."

पण तिनं सांगितलं नाही. अंगणाचं बोलणं तेवढं बंद केलं, आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी ती तापानं गेली.

राख सावडून आणली त्या दिवशी अंगणात भाऊबंद बसले होते. गाठोडं सासऱ्यांच्या मांडीवर होतं. जंगलात कोणत्या बाजूनं शिरायचं, यावर बोलणं चाललं होतं. मालक म्हणत होते, "बाबा, केस होईन आपल्यावर." सासरे म्हणाले, "होऊ दे. शब्द देल्ला हाय मी वहिनीले."

मी चहाच्या कपांचं ताट घेऊन दारात उभी होते.  मी म्हणाले, "त्या नको म्हणाल्या होत्या." कोणाला ऐकू गेलं नाही. मग ताट खाली ठेवून पुन्हा म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कोन म्हने?" सासऱ्यांनी विचारलं.

"मोठीमाय. जंगलात गेलो तेव्हा. त्यांच्या अंगणात हरीण बसलं होतं, पिल्लू घेऊन. त्याचं बसणं मोडेल म्हणाल्या. नदीत सोडा म्हणाल्या."

एक चुलत सासरे म्हणाले, "आमाले तं जलमभर अंगन अंगन केलं, अन् हिले एकटीलेच सांगतलं?"

सासरे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत होते. ते म्हणाले, "हे पोरगी खरं बोलाले एवढी भेते, खोटं कायले बोलन?" गाठोडं उचलून उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. "सूनबाई, तूही चाल. तुले सांगतलं ना तिनं? तूच सोड."

आमच्यात राख सोडायला बाया जात नाहीत. मी मालकांकडे पाहिलं. ते चपला शोधत होते. मी पदर खोचला आणि निघाले.

नदीला पाणी थोडंच होतं. राख एकदम गेली नाही, काठाकाठानं फिरत राहिली. मी हातानं पाणी ढकलू लागले. तेव्हा मागून सासरे म्हणाले, "राहू दे. जाईन ती सावकाश."