ओझेलाची सळई

ओझेला प्रेटरने शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं पोरांना मक्याचा पाव आणि चवळी वाढली, पण नदीकाठच्या टिलमन्स लँडिंग गावात तिचा मान होता तो वेगळ्याच कामासाठी. तिचा बाप कबरी खणायचा. जमिनीत लोखंडी सळई खुपसून खाली कोणी निजलंय की नाही, हे ओळखायला त्याने लेकीला शिकवलं होतं. कोरी जमीन सळईला अडवते, एकदा खणलेली वाट देते.

नदीच्या बांधाखाली काळ्या लोकांचं जुनं कबरस्तान होतं. दगड लावायची ऐपत कुणाची होती? माणूस गेला की त्याचा शेवटचा कप, शेवटची ताटली फोडून कबरीवर ठेवायची. म्हणजे मरणाची साखळी तुटते आणि घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. फुटकी भांडी आणि शंख, हीच तिथली स्मारकं.

काउंटी कचेरीच्या माणसांनी आदल्या दिवशी ती सगळी कचरा समजून दाताळ्याने ओढून काढली. कॅप्टन टिलमनचा स्मृतिफलक बसायचा होता ना! 'यांनी येथे बोटींचा पहिला धक्का बांधला.' एकट्यानेच बांधला असणार! ज्यांनी विटा वाहिल्या ते तिथेच खाली निजले होते, त्यांना कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओझेला सळई घेऊन आली, तर समोर नुसतं गुळगुळीत मैदान. तिची नीटा चार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला पन्नास वर्षं झाली. कबरीवर पिवळा कप होता, कान तुटलेला. आता कप नाही, आणि आपलं लेकरू नेमकं कुठे आहे ते आईला सांगता येईना. तिला स्वतःचाच संताप आला.

"कागदावर इथं काहीच नाहीये, बाई," मुकादम हॅगवुड म्हणाला.

"कागद लिहिणारा इथं उतरून आला होता का?"

हॅगवुडने घड्याळ पाहिलं. "काँक्रीटची गाडी निघालीय. अर्ध्या तासात येईल. तोवर कबरी दाखवा, मी फलकाच्या खड्ड्याची खुंटी हलवतो. गाडी आली की मात्र ओतणार. ओला माल घेऊन ताटकळत नाही बसता येत."

ओझेलाने सळई रोवली. ती सर्रकन आत गेली. पुढे पाऊलभर, पुन्हा आत. सहा फूट लांब. हॅगवुडने तोंड वाकडं करून खुंटी उपटली आणि दहा पावलं पलीकडे ठोकली. तिथेही सळई आत गेली. खुंटी पुन्हा हलली. सगळ्या कबरी लांब, मोठ्या माणसांच्या. एक कबर सापडली की तिच्या मनात धाकधूक वाढायची, खुंटी नीटाच्या दिशेने तर सरकत नसेल ना?

शेवटी खुंटी नदीच्या अंगाला गेली. खोदाईचं मशीन खुंटीमागे जाऊन उभं राहिलं. चालवणारा कीनन, ओझेलाच्याच हातचं खाऊन वाढलेला, खाली मान घालून बसला होता.

"आता तरी इथं कुणी नाही ना?" हॅगवुडने विचारलं.

तिने खुंटीभोवती सळई टोचली. कडक. तिकडे बांधावर गाडीचा घरघराट ऐकू आला.

"चला, झालं. बाजूला व्हा."

ओझेलाला आईची कबर आठवली. मघाशीच सळईला सापडली होती, चिंचोळी, तिथल्या एकुलत्या देवदाराजवळची. सगळ्यांची डोकी पश्चिमेला, म्हणजे मेलेले उठायच्या दिवशी तोंड उगवत्या सूर्याकडे. आणि नीटाला आजीच्या पायाशी ठेवलं होतं. पूर्वेला. तिने देवदारापासून पावलं मोजली. पावलं मशीनच्या चाकाशी थांबली.

"कीनन, मागे घे."

"घेऊ नको रे!" हॅगवुड ओरडला. "खण! गाडी आलीय!"

"बाळा, माझी नीटा आहे खाली."

कीननने एकदा मुकादमाकडे पाहिलं, मग मशीन इंच इंच मागे घेतलं आणि बंद केलं. चाकाच्या खुणेत ओझेलाने सळई धरली. सळई आत गेली. पाऊलभर पुढे, पुन्हा आत. तिसऱ्या फुटानंतर थोडंसं पुढे, आणि मग जमीन कडक.

एवढीच लांबी. हॅगवुडने टोपी काढली. मग तो गाडी परत पाठवायला बांधावर चढला.

"मिस ओझेला," कीनन खाली उतरून म्हणाला, "ते दाताळं मीच मारलं होतं. मला ठाऊकच नव्हतं हो. त्या भांड्यांचं पोतं टाकलं नाहीये अजून, ट्रकमध्ये आहे."

त्याने पोतं आणलं, गुडघ्यावर बसून धुंडाळलं आणि पिवळा कप काढून शर्टाला पुसला. "सुलटा ठेवू की उलटा?"

"उलटा," ओझेला म्हणाली. "दूध संपलं की ती तसाच ठेवायची. मला दाखवायला."