ओरछ्याच्या पोळ्या

ओरछ्याला मी पोळ्या लाटायला गेली होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे "काय काय पाहिलं मॅडम?" म्हणून कोणी विचारायला नको. शाळेत विचारलं, गल्लीत विचारलं, पिठाच्या चक्कीवरसुद्धा विचारलं. दर वेळी माझं डोकं फिरते.

ओरछा मला आज नाही, सत्तावीस वर्षांपासून पाहाचं होतं. मी सौंसरला मराठी शाळेत शिकवते. आमच्या एका जुन्या पुस्तकात त्या गावाचं चित्र होतं. नदी, काठावर राजांच्या समाध्यांच्या उंच उंच छत्र्या, मागे महाल. छपाई अशी की महाल कोणता अन् शाईचा डाग कोणता, समजू नये. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या पोरीनं उठून विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यला काय हा महाल?" मी म्हटलं, "हो." काहून म्हटलं, माहीत नाही, तोंडातून निघून गेलं. तिचा लगेच दुसरा प्रश्न, "मंग वर जाले किती पायऱ्या आहे?" "लय आहेत," मी म्हटलं अन् फळ्याकडे वळली. पोरगी खरं मानून खाली बसली. आता तिला तिची पोरं असतील, पण ते खोटं काही माझ्या मनातून गेलं नाही. पुढच्या वर्षी मी रिटायर होते. त्याच्या आत एकदा तिथं जाचं, महालाच्या वरपर्यंत चढाचं अन् पायऱ्या मोजाच्या, एवढंच मला पाहिजे होतं. सोन्याचा हार नव्हती मागत मी.

तर मागच्या हिवाळ्यात माझ्या दिरानं पांढुर्ण्याहून बस काढली. दीर म्हणजे आमच्या भावकीचा टूर मॅनेजर. संत्र्याचे पैसे हातात आले की त्याच्या अंगात तीर्थयात्रा येते. बावीस माणसं, एक ड्रायव्हर, अन् बसच्या डिक्कीत अख्खं स्वयंपाकघर. दोन सिलेंडर, दोन शेगड्या, कणकेचं पोतं, डाळ-तांदूळ, तेलाचा डबा, मिरचीचा ठेचा, खाली अंथरायला निळी ताडपत्री. का, तर "बाहेरचं खाणं आपल्याले झेपत नाही." हे वाक्य आमच्याकडचे पुरुष इतकं गंभीर तोंड करून म्हणतात की जसं डॉक्टरनं लिहून दिलं आहे. अन् बस सौंसरहून निघून रामाकोना येत नाही तर ह्याच लोकांनी समोशाची पिशवी फोडली! छिंदवाड्याला पोहे, पुढे एका ढाब्यावर कचोरी, सागरला जिलबी. समोसा झेपते, कचोरी झेपते, जिलबी झेपते. फक्त पोळी बाहेरची झेपत नाही.

भांडी भरायचं काम माझ्याकडे होतं. पातेली, झारे, परात, तवे, माझा मोठा पोळपाट, सुनेचा लहान पोळपाट, दोन लाटणी, सगळं जुन्या चादरीत बांधून मी तयार ठेवलं होतं. काही म्हणजे काही विसरली नाही. दिरानं सगळ्यांसमोर म्हटलं, "वयनी असली की आपल्याले टेन्शन नाही." अन् मी मूर्ख, खूश झाली.

माझ्या सुनेचं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पांढुर्ण्याचीच पोरगी, शिकलेली, बोलायला गोड. रस्ताभर ती माझ्या बाजूला बसून मोबाइलवर ओरछा दाखवून राहिली होती. "आई, हे पाहा, महालाच्या वरून पूर्ण नदी दिसते म्हणे. आई, तिथं गिधाडं आहेत, खरीखुरी. आपण दोघी सोबतच जाऊ वर." मी तिला त्या पायऱ्यांची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मग आपण मोजूच," ती म्हणाली. मागच्या सीटवरून जाऊबाईनं विचारलं, "काय चाललं सासू-सुनेचं?" मी म्हटलं, "काही नाही, माझी सून फार समजदार आहे."

ओरछ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. रामाचं मंदिर बंद झालेलं, ते संध्याकाळी उघडणार होतं. महाल तेवढा उघडा होता. किल्ल्याकडे जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे मोकळी जागा पाहून बस उभी केली. मान वर केली की महाल समोर, इतका जवळ की झरोक्यांच्या जाळ्या दिसाव्या. पाच वाजता तिकिटाची खिडकी बंद होते, हे दीर स्वतः विचारून आला. आल्यावर त्यानं ताडपत्री अंथरली अन् हुकूम सोडला, "असं करू. आम्ही जाऊन पाहून येतो, तवरिक तुमी स्वयंपाक आटपा. मंग जेवण झालं की बायका जातीन. आरामात."

आरामात! वीस-बावीस माणसांचं वांगं, वरण, भात अन् पोळ्या. सून लाटत होती, मी लाटत होती, जाऊबाई भाजत होती. पुलावरून फिरायला आलेले लोक आमच्याकडे पाहत पाहत जात होते. एका बाईनं तर आमचा फोटो काढला. महाल राहिला बाजूला, आम्हीच पाहण्यासारख्या झालो होतो.

पुरुष परतले तीन वाजून गेल्यावर. मग हात धुणं, पंगत, "अजून एक गरम येऊ द्या", "ठेचा इकडे सरकवा". आमचे हे महालाच्या गोष्टी सांगून राहिले होते. आमचे हे म्हणजे तहसीलीतून रिटायर झालेला माणूस, घरात चार शब्द बोलत नाहीत, तिथं मात्र तोंड थांबत नव्हतं. माझा पोरगा मोबाइलमधले फोटो फिरवून राहिला होता. चार वाजता आम्ही बायका जेवायला बसलो. मी दोन घास कसेबसे गिळले अन् म्हटलं, "चला, निघू आता."

दीर म्हणतो, "वयनी, एक काम करा न. संध्याकाळच्या पोळ्याही आताच लाटून घ्या. मंग दर्शनाले निवांत जाता येते."

"अन् महाल?"

"अवो, त्यात काय आहे? चढा अन् उतरा, चढा अन् उतरा. माझे गुडघे गेले. तुमी पोटोतच पाहा."

जाऊबाई लगेच म्हणाली, "मी त पोटोतच पाह्यते बाप्पा, माझे पाय दुखून राहिले." बाकीच्याही ताडपत्रीवर पाय पसरून बसल्या. सुनेनं माझ्याकडे एकदा पाहिलं अन् परातीत कणीक काढली.

मी लाटायला लागली. हो, लागली! इतकी वर्षं लागली तशीच. तेवढ्यात दिराला गाइडनं सांगितलेली गोष्ट आठवली. तिथल्या राणीनं म्हणे अयोध्येहून रामाची मूर्ती आणली. देवाची अट होती, जिथं एकदा ठेवाल तिथून मी उठणार नाही. राजानं एवढं मोठं शिखराचं मंदिर बांधलं होतं, पण मूर्ती आधी राणीच्या महालात ठेवली गेली, काही म्हणतात तिच्या रसोईतच. देव तिथंच बसला. मोठं मंदिर तसंच राहिलं. दिरानं गोष्ट संपवली अन् मांडीवर थाप मारली. "समजलं काय? देवालेही रसोईच पसंत पडली! घरच्या बाईच्या हातच्या जेवणाची बातच अलग आहे." सगळे पुरुष हो हो करून हसले. आमचे हेसुद्धा.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "भाऊजी, तो देव रसोईत बसला, पण त्याला कोणी पोळ्या नाही लाटायला लावल्या."

ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, चूप राह्य म्हणून. झालं, तेवढंच बाकी होतं! मी लाटणं परातीत टाकलं, ते खाडकन वाजलं. "आग लागो तुमच्या त्या पोळ्यांना," मी म्हटलं, "सत्तावीस वर्षं झाली, मी चालली." हात पदराला पुसले अन् निघाली. मागून दीर म्हणत होता, "वयनीले झालं काय एकाएकी?" एकाएकी म्हणे!

पूल मी जवळजवळ पळतच पार केला. खिडकीवरचा माणूस गल्ला आवरत होता. "मैडम, बस बंद ही कर रहे हैं," तो म्हणाला. मी म्हटलं, "भैया, एक टिकट." त्यानं माझ्या हाताला लागलेली कणीक पाहिली अन् तिकीट फाडून दिलं.

मी पायऱ्या मोजल्या. उंच, अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या, एकेका पायरीला गुडघा छातीशी येते. पहिल्या मजल्यापर्यंत बरोबर मोजल्या, दुसऱ्या जिन्यात दम लागला अन् आकडा चुकला. लय आहेत. मी त्या पोरीला खोटं नव्हतं सांगितलं. मला त्या अंधारात एकटीलाच हसू आलं.

अन् मग वर आली. काय सांगू! खाली बेतवा, मोठमोठ्या काळ्या दगडांमधून वाट काढत गेलेली, तिच्या काठावर त्या छत्र्या, पुस्तकातल्याच, पण उन्हानं पिवळ्या झालेल्या. महालाच्या भिंतीवर वरच्या बाजूला निळ्या फरशीचे तुकडे अजून चिकटून होते. एक गिधाड सावकाश फिरत होतं. पूर्ण महालावर कोणी मला हाक मारणारं नव्हतं. मी एका जाळीच्या झरोक्यात बसली. पाच मिनिटं बसली असेन. इतकं छान मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, हे खरं आहे.

उठताना दुसऱ्या बाजूच्या झरोक्यातून सहज खाली पाहिलं. पुलाच्या पलीकडे आमची बस दिसली. निळी ताडपत्री दिसली. पुरुष आडवे झाले होते. अन् शेगडीजवळ, माझ्या जागेवर, पिवळी ओढणी. माझी सून. वाकायची, उठायची, वाकायची, उठायची.

आपण दोघी सोबत जाऊ, ती म्हणाली होती. मी रागाच्या भरात उठली तेव्हा तिला 'चल' म्हणायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

मी पोराला फोन लावला. "तिला पाठव इकडे. लवकर पाठव. आताच्या आता."

"आई, ती पोळ्या लाटून राहिली न."

"राहू दे त्या पोळ्या! तू लाट!"

"मी?" तो हसला. खरंच हसला. "तूच त मधातच उठून गेली. मग कोणाले तरी बसाच लागन न."

मी धडपडत खाली उतरली, एका पायरीवर घसरली, कोपर फुटलं. खिडकीशी आली तर फळी लागलेली. चौकीदार म्हणाला, "अब कल सुबह." मी त्याच्याशी भांडली. माझी बहू आहे, दहा मिनिटं द्या, दोन तिकिटांचे पैसे घ्या. तो बिचारा काय करणार? अन् सकाळी पाचला आमची बस सुटणार होती, महाल उघडण्याच्या आधी.

परत आली तेव्हा शेवटचा गोळा तिच्या हातात होता. कपाळाला पीठ लागलेलं. "आई, चढल्या तुमी? दिसते का वरून नदी?"

"दिसते. तू काहून नाही आली माझ्या मागे?"

तिनं मान खाली घालून पोळी तव्यावर टाकली. "मला काही एवढं पाहाचं नव्हतं, आई."

मला हे वाक्य माहीत होतं. माझंच होतं ते. लग्नानंतर पहिल्यांदा रामटेकला गेलो तेव्हा मी खाली तलावाजवळ चुलीपाशी बसली होती अन् बाकी सगळे गडावर जाऊन आले. तेव्हा सासूबाईंनी विचारलं अन् मी असंच म्हटलं होतं. आवाज अगदी साधा ठेवला होता. सासूबाई सगळ्यांना म्हणाल्या होत्या, "माही सून समजदार आहे."

त्या दिवशी मग मी बसमध्येच बसून राहिली. दर्शनाला गेली नाही. दिरानं "झालं न समाधान, वयनी?" म्हटलं, तशी मी खिडकीची काच ओढून घेतली. सगळ्यांना वाटलं, मी अजून त्यांच्यावरच चिडली आहे. चिडली होतीच, आजही आहे. बावीस माणसांत एकाही पुरुषाला वाटू नये की दोन पोळ्या हॉटेलातून आणाव्या!

पण सौंसरला आल्यावर चादरीची गाठ सोडली अन् वरच तो लहान पोळपाट निघाला. सुनेनं तो धुतला, पुसला अन् माझ्या पोळपाटाच्या बाजूला भिंतीशी टेकवून ठेवला. तो सोबत घ्या म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. दिरानं नाही, ह्यांनी नाही, पोरानं नाही. तिच्या पहिल्या दिवाळीला मीच तो बाजारातून आणला होता, तीन-चार पोळपाट हातात धरून पाहून, तिच्या हाताला बसेल असा.