सोखाताईंचा दुसरा आवाज

सोखाताईंची आणि माझी ओळख क्रीम बनवरून झाली. इथे परदेशात, आमच्या हिल्सबरो उपनगरात त्यांची बेकरी आहे. माझे यजमान विनायकराव तिथून दर शनिवारी दोन बन आणत. ते गेल्यावर मी जाऊ लागले आणि सवयीने दोनच मागू लागले. काही आठवड्यांनी सोखाताईंनी विचारले, "दुसरा कोण खातं?"

"कोणी नाही. वाया जातो."

"माझा बन वाया घालवता? मग मीच येते खायला."

दुकान बंद करून त्या खरोखर आल्या. तेव्हापासून येतात. आमचे बोलणे दोघींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालते. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहावे असे त्यांच्या लेकीने सांगितले, म्हणून मी मराठीत लिहिते आहे.

सोखाताई मूळच्या कंबोडियातल्या, राजधानी नॉमपेनच्या. त्यांच्या तरुणपणी तिथे इलेक्ट्रिक गिटारच्या गाण्यांनी रेडिओ भरून वाहत असे. त्यांची मोठी बहीण चान्थी एका बँडमध्ये गात असे. सोखाताई तिच्या मागे उभ्या राहून खालच्या सुरात साथ देत. गाण्याची चाल बहिणीची, दुसरा आवाज यांचा.

मग कलावंतांना शत्रू मानणारी ती जुलमी राजवट आली. शहर रिकामे केले गेले, गाणारे वेचून मारले गेले. चान्थी परत आल्या नाहीत. जीव वाचवायला सोखाताईंनी शिपायांना आपण बाजारात भाजी विकत होतो असे सांगितले आणि सक्तीने भातशेतीत राबताना ओठ मिटून गाणी जपली. त्या काळाविषयी मी लायब्ररीतून पुस्तके आणून वाचली. पण ओठ मिटून गाणे म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडूनच कळले.

बेकरीच्या मागच्या खोलीत त्या दर रविवारी मुलांना ती गाणी शिकवतात. मुले इथेच जन्मलेली. आपल्या मुलांसारखीच, भाषा समजते, उत्तर इंग्रजीत. गाण्याआधी ते कोणी गायले होते ते सांगायचे, हा त्यांचा नियम. नाव ठाऊक नसेल तर म्हणायचे, "कोणाचं तरी आहे."

"काळ जाईल तसं बरं वाटेल," असे त्या मला कधीच म्हणाल्या नाहीत. विनायकराव काय गुणगुणत, ते विचारले. मी टाळाटाळ केली तेव्हा म्हणाल्या, "आत्ताच म्हणा. मागून आठवत नाही." मी बेसूर म्हटले. त्यांनी बशीवर ठेका धरला.

'मागून आठवत नाही' हे त्या अनुभवाने बोलत होत्या, ते मला नंतर कळले. गेल्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नववर्षाला मुलांनी चान्थींचे गाणे सादर केले. सोखाताईंची नात माली पुढे होती. कार्यक्रमानंतर थूनकाका आले. तेही मूळचे कंबोडियाचेच, इथल्या 'ते रापा' गावच्या दूध कारखान्यातून निवृत्त झालेले.

"छान गायलीस, पोरी. पण हे गाणं नव्हे."

माली चिडली. "आजीला जास्त माहीत की तुम्हाला?"

थूनकाकांनी तरुणपणी रेडिओवर चान्थींच्या आवाजात ऐकलेली चाल गुणगुणली. सोखाताई जवळच्या खुर्चीवर बसल्या. मग नातीला म्हणाल्या, "ते बरोबर आहेत. मी तुम्हाला माझाच आवाज शिकवला. कानात माझाच सूर होता. तिचा आठवतच नव्हता."

मुलांनी इतकी वर्षे साथीलाच गाणे मानले होते. सोखाताईंनी थूनकाकांना पुन्हा म्हणायला लावले आणि आपला खालचा सूर त्याला जोडला. काकांचा सूर काही धड नव्हता. संपल्यावर सोखाताई म्हणाल्या, "चान्थीने तुम्हाला स्टेजवरून हाकललं असतं." आणि मग बराच वेळ त्यांनी काकांचा हात सोडला नाही.

आता माली चान्थींची चाल गाते आणि सोखाताई अर्धे पाऊल मागे उभ्या राहतात. पंचाहत्तरीच्या सोहळ्यात तुम्ही सगळे ते ऐकालच.

सोखाताई, मालीच्या मागे उभे राहायला तुमच्या पायांत बळ आणि गळ्यात दम पुष्कळ वर्षे राहो. ती जागा तुमची आहे, ती सोडायची घाई करू नका. शनिवारी मी येतेच आहे. बन दोनच द्या.