पिल्लाची नस्ल सांगणारा माणूस

बैल पाहून तो कुठला आणि त्याची माय कोणत्या नस्लीची हे सांगणारी माणसं आता आमच्या करडी गावाच्या आसपास फार उरली नाहीत. ट्रॅक्टर आले, जोड्या गेल्या. पण ज्यांच्या गोठ्यात अजून बैल आहेत ते बाजाराला निघाले की आधी माझ्या दारात येतात. मी शिंगाचं मूळ पाहतो, खूर पाहतो, शेपटीचा गोंडा हातात घेतो, कपाळावरचा भवरा बोटानं चाचपतो, आणि विकणारा काहीही गात असला तरी सांगतो, "बाप गवळाऊ हाये, माय गावठी. खोटं नोको बोलू." दहातून नऊ वेळा बरोबर निघतं. दहाव्या वेळी मी कबूल करत नाही. ही नजर वडिलांकडून आली आणि मला तिचा भलता गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या नजरेनंच घडवलं.

आम्हाला मूलबाळ नाही. अठरा वर्षं डॉक्टर झाले, देव झाले, अंगारे-धुपारे झाले. माझी बायको अंगणवाडीत सेविका आहे, महिन्याच्या महिन्याला दुसऱ्यांची लेकरं काट्यावर ठेवून वजन करते. एक दिवस घरी येऊन पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आपन दत्तक घेऊ. सोयऱ्यातलं नाई, कायद्यानं." मी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. माझ्या मायनं तीन दिवस भिंतीकडे तोंड करून जेवण केलं आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "करा बाप्पा काय करायचं ते." मग कागद झाले, समाजसेविका बाई येऊन घर पाहून गेल्या, गोठा पाहून गेल्या, संडास पाहून गेल्या. आणि आमचं नाव यादीत लागलं. तिथून तीन वर्षं आम्ही थांबून होतो.

त्या तीन वर्षांत एकदा एक कागद द्यायला नागपूरला गेलो होतो. काम लवकर आटोपलं. बायकोनं मोबाईल पुढे केला, "इथं जवळच बेवारशी कुत्र्यायचं घर हाये. पिल्लं दत्तक देतात म्हने." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गावात कुत्र्यांची काय कमी आहे? बोडीच्या पाण्याकडे जा, सात सापडतील. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं. गेलो. तिथल्या पोरीनं एक फॉर्म भरून घेतला, सही घेतली, लसीचं कार्ड दिलं आणि दोन तासांत एक पिल्लू बायकोच्या मांडीवर. कार्डावर नस्लीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मिश्र'. एसटीत बायको म्हणाली, "पाहा, याले दोन तास लागले." पुढं भंडाऱ्यापर्यंत ती पिल्लाचे कान कुरवाळत बसली.

गावात आल्यावर मात्र जत्रा झाली. नागपूरहून कागदावर सही करून कुत्रं आणलं म्हणजे ते साधं कसं असेल? पारावरच्या न्हाव्यानं पाहिल्याबरोबर सांगितलं, "भाऊ, हा डाबरमन हाये. पाय पाहा ना त्याचे." राशन दुकानदार म्हणाला, "जर्मन हाये बे जर्मन, कान उभे व्हायले टाइम लागते." जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले, त्यांनी मान तिरकी करून म्हटलं, "थोडा लॅबचा अंश दिसतोय," आणि लगेच मोटारसायकलला किक मारली, म्हणजे कोणी उलट विचारू नये. माझ्या मायचं मत सगळ्यांत पक्कं होतं. "कोल्ह्याचा हाये तो. तोंड पाहा, कसा चोरावानी पायते."

आणि मग सगळे माझ्याकडे वळले. मी आहे की नाही नस्लीचा जाणकार! मी पिल्लू उचललं. टाळू काळी आहे का पाहिली. मागच्या पायाला जास्तीची नखी आहे का पाहिली. शेपूट ओढून पाहिली, कातडी चिमटीत धरली, पंजा दाबला. पिल्लू कुईकुई करत होतं. मी बाजारात सांगतो तसं खड्या आवाजात सांगितलं, "बाप शिकारी कुत्रा हाये, मुधोळच्या वळनाचा. माय गावठी. सहा महिन्यांत पाहा, हरनासारखा पळते का नाई." लोकांनी माना हलवल्या. मला असं बरं वाटलं म्हणून सांगू!

बायको दारात उभी होती. म्हणाली, "त्याले भूक लागली हाये." माझ्या हातून पिल्लू घेतलं आणि आत गेली.

पिल्लानं कोणाचीच लाज राखली नाही. सहा महिन्यांत एक कान उभा झाला, एक लोळतच राहिला. पाय लांब व्हायचे तिथेच थांबले. शेपूट वरती वळून जिलेबी झाली. रंग आधी काळसर होता तो निघाला मातकट पिवळा, आपल्या गल्लीत उकिरड्यावर झोपतात तसल्यांचा. न्हावी तरी त्याला बघितलं की "काय डाबरमन!" अशी हाक मारायचा आणि सगळे खो-खो हसायचे. मला मात्र ते लागायचं. मी संध्याकाळी खाटेवर बसून त्याच्याकडे टक लावून पाहत राहायचो. कुठं चुकलो? छाती तर खोल आहे. मग त्याच्या मायकडून काय आलं असेल? बायको एकदा म्हणाली, "वर्ष होत आलं, तुमी अजून त्याचे मायबापच हुडकून राहिले. तो तुमच्या पायावर डोकं ठेवून झोपला हाये, ते नाई दिसत?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "अवं, सवय हाये."

ती हसली नाही. म्हणाली, "मी घर कसं वागते ते पाहून राहिली." कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही, आणि मला कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं. पण माणूस आपल्याबद्दल नेहमी चांगलंच धरून चालतो. कुत्र्याचं वेगळं, लेकराचं वेगळं, असं मी मनाशी म्हटलं आणि विषय संपवला.

धानाच्या लावणीचा रोवणा चालू होता. मी बांधीत, पिंढरीपर्यंत चिखलात. धुऱ्याच्या वाटेवरून बायको पळत येताना दिसली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला पळताना पाहिलं नव्हतं. वाटलं, मायला काही झालं. ती जवळ आली, धाप लागली होती, मोबाईल पुढे केला. दत्तकाच्या कचेरीचा संदेश आला होता. मुलगी. दीड वर्षाची. तब्येतीचा कागद होता आणि एक फोटो. दोन दिवसांत हो की नाही ते कळवायचं, दोघांनी मिळून.

मी बांधीच्या पाण्यात हात धुतले, धोतराला पुसले आणि मोबाईल घेतला. रोवणाऱ्या बाया वाकलेल्या सरळ झाल्या. बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती. आणि मी काय केलं? दोन बोटं टेकवली आणि फोटो मोठा केला. नाक पाहिलं. कपाळ पाहिलं. केसांची वाढ कुठून सुरू होते ते पाहिलं. मग सरकवून हनुवटी पाहिली. आणि माझ्या तोंडून निघालं, अगदी सहज, बाजारात निघतं तसं, "नाक बसकं हाये. आपल्या इकडची नाई वाटत. माय तिकडं जंगलाकडची असन. रंग मात्र बापाचा घेतला दिसते."

वाईट हेतू नव्हता हो! आईशप्पथ नव्हता. मला आनंदच झाला होता आणि माझा आनंद त्याच वाटेनं बाहेर पडला. दुसरी वाट मला येतच नव्हती.

बायकोनं हात पुढे केला. "द्या फोन." आणि ती आली तशी धुऱ्यानं परत गेली, पण चालत.

घरी आलो तर माय ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "कोनाची हाये पोरगी?" मी म्हटलं, "विचारतो." खरं तर मायनं सवयीनं विचारलं होतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "नाई सांगत त नाई सांगत. लेकरू त हाये." आणि उठून पेटीतली जुनी गोधडी काढली, धुतली, आणि उघडीप पाहून अंगणात तारेवर टाकली. जिनं तीन दिवस भिंतीकडे तोंड केलं होतं, तिनं.

आणि मी, पहिल्या दिवशी हो म्हणणारा, मी समाजसेविका बाईंना फोन लावला. मुलगी कुठं सापडली? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. बरं, कोणत्या भागातली? तेही नाही. तब्येत चांगली आहे, हसरी आहे, तुम्ही या, भेटा. मी फोन ठेवला. जेवलो. चैन पडेना. मला पोरगी नको होती का? हवी होती. पण ते कोडं सुटल्याशिवाय मला पुढं सरकताच येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन लावला आणि विचारलं, "मॅडम, तिचा बाजूनं काढलेला एखादा फोटो भेटन का?"

मग त्या म्हणाल्या, "बाजूनं? कशासाठी?"

मी फोन बंद केला. मागं वळलो तर बायको चुलीपाशी उभी होती. हातात तवा होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, मी आरडाओरडा करून मोकळा झालो असतो. तिनं तवा खाली ठेवला, माझ्या समोर पाटावर बसली आणि विचारलं, "एक सांगा. पोरगी घरात आल्यावर तुमी तिच्याकडे रोज असंच पाहाल का?"

"नाही" म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. खोटा असता तर खोटा. लग्नात, बाजारात, पंचायतीत माणूस किती खोटं बोलतो. पण मी तिच्याकडे पाहिलं आणि मला ठाऊक होतं की मी पाहीन. ती जेवताना पाहीन, झोपलेली असताना पाहीन, शाळेत हुशार निघाली तर म्हणेन बापाचं आलं, खोटं बोलली तर म्हणेन मायचं आलं. तोंडानं नाही म्हणणार, पण पाहीन. आणि लेकराला ते कळेल. लेकरांना सगळं कळतं, हे अंगणवाडीवालीला कोण सांगणार.

मी म्हटलं, "मी विचार करून राहिलो."

"करा," ती म्हणाली.

दोन दिवस संपले. संध्याकाळी तिनं माझ्यासमोर मोबाईलवर 'नाही' कळवलं. म्हणाली, "तुमच्यासाठी नाई केलं हे. तिच्यासाठी केलं. तिले दुसरं घर भेटन." मी तिच्या पाया पडायला हवं होतं, तोंडात मारून घ्यायला हवं होतं. मी उठून गोठ्यात गेलो आणि वैरण टाकली. तारेवरची गोधडी मायनं घडी करून पेटीत ठेवली.

समाजसेविका बाईंनी नंतर समजावून सांगितलं की आमचं नाव आता यादीच्या खाली गेलं. आणि नवरा-बायकोच्या वयाची बेरीज पाहतात म्हणे. पुन्हा नंबर लागेपर्यंत आमची बेरीज नियमात बसायची नाही. दुसरं एखादं मोठं मूल मागता येईल, त्या म्हणाल्या. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मोठं त आनखी लवकर वळखन तुमाले."

यंदा तीन घरांतून बैल पाहायला बोलावलं. एकदा गेलो. बैलापुढे उभा राहिलो, लोक वाट पाहत होते, आणि मी म्हटलं, चांगला आहे, घेऊन टाका. बस. माझी नजर गेली असं गावात बोलतात. गेली असती तर काय हवं होतं. ती जाग्यावर आहे. एसटीत समोर कोणाचं लेकरू बसलं तरी सुरू होते.

त्या मुलीचं नाक मी आजही चिखलात काडीनं काढून दाखवीन. कपाळ किती रुंद, केस कुठून सुटलेले, हनुवटीला खळी कोणत्या बाजूला, सगळं पाठ आहे. पण दिवाळीनंतर धानाची मळणी आटोपली आणि एक दुपारी ओट्यावर बसलो असताना मी आठवायला लागलो, तर तिचा चेहरा येईना. तुकडे येतात, चेहरा येत नाही. बाई फोनवर हसरी म्हणाल्या होत्या. फोटो बायकोनं केव्हाच काढून टाकला होता. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी घाबरत घाबरत विचारलं, "कावं, त्या फोटोत ते पोरगी हसून राहिली होती का?"

बायकोचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मले काहून विचारता?" ती म्हणाली. "मोठा कर-करून त तुमीच पाहिला होता."