बिनडोळ्यांचा चेहरा

त्याचं डोकं पॉवर प्रेसखाली गेलं तेव्हा मशीनचा गार्ड, माणूस आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, काढून ठेवलेला होता. गार्ड असला की माल कमी निघतो. कंपनी त्याला अपघात म्हणाली. मी खून म्हणालो, आजही म्हणतो.

मोशीला त्याच्या घरी प्रेत नेलं ते चादरीत शिवून. बायकोला तोंड दाखवलं नाही. ती सगळ्यांना एकच विचारत राहिली, "त्योच हाय कशावरून?"

हे पेंटशॉपमधल्या पेंटरला सहन झालं नाही. तो कोकणातल्या एका बंदरावरचा. बापाची गणपतीची शाळा होती. मूर्ती घडवतात त्या जागेला तिकडे शाळाच म्हणतात. इथे तो मशीनवर कंपनीचा निळा फवारा मारायचा आणि संप झाला की आमचे फलक रंगवायचा. मेलेल्या माणसाबरोबर त्याने रोज डबा खाल्ला होता. गेटसमोरच्या भिंतीवर त्याचं तोंड काढतो, म्हणाला, बाईला येऊन बघू दे.

मी युनियनच्या पत्रकांवर वाढलेला. मला त्या भिंतीवर घोषणा हवी होती. भांडण झालं आणि घोषणेला तळाची वीतभर जागा मिळाली.

कपाळ, नाक, मिशा, हनुवटीवरचा व्रण, सगळं उतरलं. फक्त डोळे नव्हते. कंपनीच्या ठेकेदाराचे गुंड फिरतायत, उरकून टाक, असं मी डाफरलो. पण शाळेत डोळे शेवटी काढतात, बाकीचा रंग पुरता वाळल्यावर, एका बैठकीत. ते मोडायला तो तयार नव्हता. बाई सकाळी येणार होती; ती यायच्या आत डोळे होतील, म्हणाला.

सकाळी त्याने काळ्या रंगाचा डबा उघडून ब्रश बुडवला आणि गुंडांची जीप आली. मला दोघांनी गुडघ्याखाली दाबलं. तिसरा अगदी आदराने म्हणाला, "पेंटरसाहेब, कुठल्या हाताने काढता?"

त्याने डावा पुढे केला. पण उजव्याच्या बोटांना ओला रंग होता. तो हात त्यांनी गटाराच्या कठड्यावर धरला आणि लोखंडी पाइपने ठेचला, मनगटापासून सुरू करून बोटांपर्यंत. कुणालाच घाई नव्हती. गेटवरचा पोलीस विडी ओढत होता.

जीप गेली आणि बाई दिराच्या सायकलवरून उतरली. पेंटर हात पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. तिने आधी तो हात पाहिला, मग भिंत. पुढे होऊन व्रणावर बोट ठेवलं.

"ह्योच. माझंच खुरपं लागलं व्हतं." मग म्हणाली, "डोळं कुटं हायती?"

तिने खाली वाकून दगड उचलला. गेटच्या केबिनची काच फुटली. दुसरा दगड माझा होता. त्यानंतर अख्खी शिफ्ट तुटून पडली. मॅनेजरची गाडी पेटली, लाठ्या चालल्या, दोन्हीकडची डोकी फुटली. शांततेचे सल्ले देणारे नंतर पुष्कळ भेटले. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी शिवलेली चादर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीने भिंतीला चुना फासला.

पेंटर गावी परतला. काही वर्षांनी मी त्याच्या बंदरावर गेलो. शाळेत कच्च्या मातीच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, अंगाला रंगाचा थेंब नाही, आणि सगळ्यांचे डोळे काळेभोर उघडे. उजवा हात मांडीवर वाळक्या मुळीसारखा पडलेला. तो डाव्याने काढत होता. भाऊ बाजूला बसून कुरकुरत होता. वरून रंग दिला की हे डोळे बुजतात, सगळे परत काढावे लागतात, बापाने हेच शिकवलं का, असं त्याचं चाललं होतं.

पेंटरने मान वर केली नाही.

"आता मी डोळे आधी काढतंय," तो म्हणाला. "कोण कधी येतलो, कोणाक म्हायत?"

आणि त्याने पुढची मूर्ती जवळ ओढली.