बाटलीतला समुद्र

लातुरात आठ दिवसांनी नळ आला. सून रिकाम्या बाटल्या शोधू लागली, अन् फळीवरच्या बाटलीचं बूच काढताच खारट वास आला. पोरानं एकदा आम्हाला समुद्रातल्या बेटावर नेलं होतं. वाळूत तंबू ठोकून राहिलो. सांजेला पाणी तंबूजवळ आलं तशी बायको म्हणली, "आलंय तवर भरून घ्या. आपल्या नळावानी गेलं तर?" मी म्हणलं, "येडे, समुद्र हाय ह्यो! जातंय कुठं?" तरी तिनं ही बाटली भरलीच. सकाळी बघतो तर पाणी लई लांब गेलेलं, पुढं नुसती ओली वाळू. "बघा, गेलं का न्हाई?" ती म्हणली. बायको जाऊन आता वरीस झालं. हे पाणी पिता येत न्हाई, ओतवत बी न्हाई. सून विचारतीय, "मामा, ओतू का? लवकर सांगा, नळ जाईल."